हौशी इलेक्ट्रॉनिक्ससाठी कॅमेरा मोड्यूल : मेगापिक्सेल किती, खर्च किती?

कोल्हापूर : कमी पैशांत चांगला कॅमेरा कसा मिळवावा, हा प्रश्न या शहराला नवा नाही. शिवाजी पेठेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, खरी कॉर्नरला, कॅमेऱ्याचा मानस्तंभ उभा आहे. कलामहर्षी बाबूराव पेंटर आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती खूण. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये पडद्यावर आला आणि बाबूराव व त्यांचे चुलतबंधू आनंदराव यांना आपणही चित्रपट काढावा, असा ध्यास लागला. मेस्त्री घराण्यातील हे दोघे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत. कला अंगी होती, कारागिरी हातात होती. विलायती कॅमेऱ्याला लागणारा पैसा मात्र जवळ नव्हता. तेव्हा यंत्रच घरी घडवायचे, असे ठरले. १९१६ मध्ये आनंदरावांचे अकाली निधन झाले. बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साह्याने ते काम पुढे नेले आणि १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरविले. १९२० मध्ये पुण्यात झळकलेल्या ‘सैरंध्री’ने बाबूरावांना नाव मिळवून दिले आणि लोकमान्य टिळकांकडून ‘सिनेमा केसरी’ ही पदवीही.

त्या कॅमेऱ्यातील अवघड भाग कोणता होता, हे पाहण्यासारखे आहे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात आणि प्रत्येक चौकटीला प्रत्येक बाजूस चार छिद्रे असतात. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण १६ वेळा ही फिल्म नेमकी एक चौकट पुढे सरकवायची, क्षणभर पूर्ण थांबवायची, तेवढ्यात प्रकाश घ्यायचा आणि झडप बंद असताना पुन्हा सरकवायची, अशी ती करामत. त्यात केसभर चूक झाली, तरी पडद्यावर चित्र थरथरते. म्हणजे चित्र टिपण्यापेक्षा टिपलेले चित्र वेळेत पुढे नेणे हे अधिक कठीण होते.

शंभर वर्षांनंतर फिल्मची जागा सिलिकॉनच्या चकतीने घेतली, तरी ही अडचण तशीच राहिली आहे. पदवी-पदविकेचा अंतिम वर्षाचा प्रकल्प करणारे विद्यार्थी, शिवाजी पेठेतील न्यू कॉलेजसारख्या महाविद्यालयांतील विज्ञान शाखेची मुले आणि उद्यमनगरात दिवसभर लेथवर काम करून रात्री सोल्डरिंग हाती घेणारे हौशी कारागीर यांच्यापुढे आज तीच उभी असते. पेच असा, की मेगापिक्सेलचा आकडा पाहून मोड्यूल मागविले जाते, ते घरपोच येते आणि मग हाताशी असलेल्या बोर्डाला ते पेलत नाही, असे लक्षात येते. खिशातील आठशे-हजार रुपये वाया जाणे ही विद्यार्थ्याच्या दृष्टीने किरकोळ गोष्ट नव्हे.

मोड्यूल म्हणजे काय?

कॅमेरा मोड्यूल हे भिंग, प्रकाशसंवेदी चकती अर्थात सेन्सर आणि जोडणीची पट्टी एवढ्यांचेच बनलेले असते. त्याला पडदा नाही, बटण नाही, बॅटरी नाही. अमेरिकेच्या ‘नासा’शी संलग्न जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीमॉस पद्धतीचा आधुनिक सेन्सर विकसित केला. अंतराळयानासाठी लहान आणि कमी वीज खाणारा कॅमेरा हवा, हा त्यामागचा हेतू. पुढे हाच सेन्सर मोबाइलमध्ये शिरला, कोट्यवधींच्या संख्येने तयार होऊ लागला आणि त्याची किंमत कोसळली. आज हौशी मंडळींना जे मोड्यूल मिळते, ते या मोबाइल उद्योगाच्या ताटातील उरलेसुरले आहे, असे म्हटले तरी चालेल.

मग जुन्या मोबाइलमधील कॅमेरा काढून आपल्या बोर्डाला का जोडू नये? हा प्रश्न हमखास विचारला जातो. उत्तर निराशाजनक आहे. मोबाइलमधील सेन्सरची डेटाशीट उत्पादक कंपन्या गोपनीयतेचा करार केल्याशिवाय देत नाहीत. जोडणीचा सूक्ष्म सॉकेट प्रत्येक मोबाइलमध्ये निराळा असतो, विजेचे दाब दोन-तीन प्रकारचे लागतात आणि सेन्सर सुरू करण्यासाठी त्यात ज्या शेकडो नोंदी भराव्या लागतात, त्या कोणालाच ठाऊक नसतात. त्यापेक्षा तो जुना मोबाइल चालू स्थितीत असेल, तर अख्खाच कॅमेरा म्हणून वापरणे शहाणपणाचे.

लॅपटॉपची गोष्ट मात्र वेगळी आहे. मोडीत निघालेल्या लॅपटॉपच्या पडद्यावरील चौकटीत जी लांबट कॅमेरा पट्टी असते, ती आतून बहुधा साधी यूएसबी असते. दोन तारा विजेच्या, दोन माहितीच्या. त्या ओळखून यूएसबीची केबल सोल्डर केली, की बहुतेक संगणकांना आणि लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डांना ती लगेच कळते. मात्र यातील काही पट्ट्या ५ व्होल्टवर, तर काही ३.३ व्होल्टवर चालतात. आधी मल्टिमीटर लावून खात्री न करता ५ व्होल्ट दिले, तर फुकटचा कॅमेरा फुकट जातो.

सर्वांत स्वस्त, सर्वांत फसवे

बाजारात सर्वांत स्वस्त मिळते ते ‘ओव्ही ७६७०’ हे मोड्यूल. ६४० गुणिले ४८० चित्रबिंदू, म्हणजे जेमतेम ०.३ मेगापिक्सेल. किंमत कमी, म्हणून पहिल्या प्रकल्पासाठी तेच घेतले जाते आणि ‘आर्डुइनो उनो’ला जोडण्याचा खटाटोप सुरू होतो. येथे थोडे गणित केलेले बरे. ६४० गुणिले ४८० म्हणजे ३,०७,२०० चित्रबिंदू. प्रत्येकी दोन बाइट धरले, तर एका रंगीत चित्राला ६,१४,४०० बाइट लागतात. ‘उनो’ची कार्यस्मृती आहे २,०४८ बाइट. तीनशे घागरींचे पाणी एका घागरीत ओतण्यासारखा हा प्रकार. चित्र तुकड्या-तुकड्याने, अगदी मंद गतीने बाहेर काढण्याच्या युक्त्या आहेत. त्यातून शिकायला पुष्कळ मिळते, पण उपयोगाचे चित्र क्वचितच मिळते. शिवाय हे मोड्यूल ३.३ व्होल्टचे, तर ‘उनो’च्या पिना ५ व्होल्टच्या. मध्ये दाब उतरविण्याची सोय हवी.

‘उनो’च वापरायचा असेल, तर मोड्यूलवरच चित्र साठविणारी स्मृती असलेले प्रकार घ्यावेत. ‘आर्डुकॅम’ कंपनीचे २ मेगापिक्सेलचे ‘मिनी’ मोड्यूल या जातीचे आहे. ते चित्र आपल्याकडे जेपेग स्वरूपात दाबून ठेवते आणि बोर्ड सवडीने ते उचलतो. किंमत अर्थातच अधिक पडते.

‘ईएसपी ३२ कॅम’चा पर्याय

सध्या काटकसरी हौशी मंडळींचा ओढा आहे तो ‘ईएसपी ३२ कॅम’ या बोर्डाकडे. आगपेटीपेक्षा लहान अशा या पट्टीवर प्रक्रियक, वायफाय, ४ मेगाबाइटची जादा स्मृती, मेमरी कार्डाची खाच आणि २ मेगापिक्सेलचा ‘ओव्ही २६४०’ सेन्सर एकत्र मिळतो. सर्व मिळून काहीशे रुपयांत. १६०० गुणिले १२०० चित्रबिंदूंचे स्थिर चित्र तो देतो. सेन्सर स्वतःच चित्र जेपेगमध्ये दाबून पाठवितो, हे त्याच्या स्वस्ताईचे रहस्य. दाबले नसते, तर तेच चित्र ३८ लाख ४० हजार बाइटचे झाले असते आणि ४ मेगाबाइटची स्मृती एकाच चित्राने भरली असती.

या बोर्डाच्या खोड्याही माहीत असाव्यात. मूळ पट्टीला यूएसबीचे तोंड नाही. प्रोग्रॅम भरण्यासाठी यूएसबी-सीरियल जोडणी वेगळी घ्यावी लागते किंवा खालचा जोडबोर्ड. प्रोग्रॅम भरताना शून्य क्रमांकाची पिन जमिनीला जोडावी लागते, आणि भरून झाल्यावर ती सोडवायला बहुतेक जण विसरतात. वायफाय सुरू होताना वीज एकदम ओढली जाते. बारीक तारेतून किंवा संगणकाच्या जुन्या यूएसबीतून ती पुरत नाही आणि बोर्ड पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. ‘मोड्यूल खराब निघाले’ अशी तक्रार ज्या वेळी होते, त्या वेळी पुष्कळदा दोष विजेचाच असतो. ५ व्होल्टचा, दोन अँपिअरपर्यंत सहज देणारा मोबाइलचा चार्जर आणि आखूड, जाड तार एवढ्याने प्रश्न मिटतो. झगझगीत दिवा आणि मेमरी कार्ड यांची एक पिन सामाईक आहे, त्यामुळे कार्डावर लिहिताना दिवा लुकलुकतो. तो दोष नव्हे.

याहून अधिक स्पष्टता हवी असल्यास ‘ओव्ही ५६४०’ हा ५ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि त्यासोबत नव्या ‘ईएसपी ३२ एस ३’ जातीचा बोर्ड घ्यावा. त्याला यूएसबी थेट जोडता येते, स्मृतीही अधिक मिळू शकते. मायक्रोकंट्रोलरच्या जगात व्यवहार्य मर्यादा साधारण येथेच संपते. पाच मेगापिक्सेलच्या पुढे जायचे, तर लिनक्स चालविणारा बोर्ड हवा.

रास्पबेरी पायचे कॅमेरे

ब्रिटनमधील रास्पबेरी पायने २०१३ मध्ये ५ मेगापिक्सेलचा पहिला कॅमेरा २५ डॉलरना आणला. २०१६ मध्ये त्याच किमतीत सोनीचा ‘आयएमएक्स २१९’ सेन्सर असलेला ८ मेगापिक्सेलचा, तर २०२३ च्या जानेवारीत पुन्हा २५ डॉलरनाच ‘आयएमएक्स ७०८’ सेन्सरचा, आपोआप फोकस साधणारा, सुमारे १२ मेगापिक्सेलचा तिसरा कॅमेरा आला. दहा वर्षे किंमत स्थिर ठेवून चित्रबिंदू दुपटीहून अधिक वाढविले, हे या क्षेत्रात लक्षणीयच. भारतात येईतो आयात खर्च, कर आणि विक्रेत्याचा नफा चढून ही रक्कम वाढते, हे गृहीत धरावे.

२०२० मध्ये आलेला ‘हाय क्वालिटी’ कॅमेरा ५० डॉलरचा. त्याचेही चित्रबिंदू १२.३ मेगापिक्सेलच; म्हणजे कागदावर तो तिसऱ्या कॅमेऱ्यापेक्षा फारसा वरचढ नाही. पैसे कशाचे? एक तर त्याचे भिंग बदलता येते. दुसरे, त्याचा प्रत्येक चित्रबिंदू १.५५ मायक्रोमीटरचा आहे. ‘आर्डुकॅम’ने २०२२ मध्ये पायसाठी आणलेल्या ६४ मेगापिक्सेलच्या मोड्यूलमध्ये तो ०.८ मायक्रोमीटरचा आहे. क्षेत्रफळाचा विचार केल्यास पहिल्यावर जवळजवळ चौपट प्रकाश पडतो. भर दुपारी रंकाळ्याच्या काठावर ६४ मेगापिक्सेलचे चित्र डोळे दिपवील. दिवेलागणीला तेच दाणेदार दिसू लागेल. २०२३ चा ‘ग्लोबल शटर’ कॅमेराही ५० डॉलरचाच, आणि त्यात चित्रबिंदू अवघे १.६ मेगापिक्सेल! फिरत्या लेथवरील नग किंवा पट्ट्यावरून सरकणारे ओतकाम टिपायचे असेल, तर मात्र हाच उपयोगाचा. बाकीचे कॅमेरे चित्र एकेका ओळीने वाचतात, त्यामुळे वेगाने हलणारी वस्तू तिरकी, वाकडी उमटते. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कामासाठी प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याने मेगापिक्सेलआधी ही गोष्ट पाहिली पाहिजे.

नकली किंवा पर्यायी मोड्यूलबाबतही सावध राहावे. ५ मेगापिक्सेलच्या पहिल्या कॅमेऱ्याच्या स्वस्त प्रतिकृती बहुधा विनातक्रार चालतात. ८ मेगापिक्सेलच्या मूळ कॅमेऱ्यावर ओळख पटविणारी एक चिप आहे; ती नसलेल्या प्रतिकृती पायच्या जुन्या प्रणालीवर चालत नसत. ‘लिबकॅमेरा’ ही नवी प्रणाली आल्यापासून ही अडचण बरीच कमी झाली आहे. तरी कोणतेही पर्यायी मोड्यूल घेण्याआधी त्याच्या सेन्सरचा ड्रायव्हर आपल्या बोर्डाच्या प्रणालीत आहे काय, हे तपासावे. केवळ पट्टी खाचेत बसते म्हणून चित्र दिसेलच, असे नाही. आणि खाचही दोन प्रकारची आहे. पाय ३ व ४ यांना १५ तारांची रुंद पट्टी लागते, तर पाय ५ आणि झीरो यांना २२ तारांची अरुंद. शंभर-दीडशे रुपयांच्या या पट्टीवाचून प्रकल्पाचे सादरीकरण अडल्याचे प्रसंग घडतात.

पंचगंगेची पट्टी वाचायची तर?

मेगापिक्सेल किती हवेत, याचे उत्तर दुकानात मिळत नाही. ते काय पाहायचे आहे, त्यावर ठरते. कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. २०१९ आणि २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली होती. पावसाळ्यात शहराचे डोळे या आकड्याकडे लागलेले असतात. अधिकृत पातळी जलसंपदा विभागाकडून कळतेच. पण अशी एखादी मोजपट्टी कॅमेऱ्याने दूरवरून वाचावी, हा विषय प्रकल्पासाठी उत्तम आहे.

समजा, कॅमेरा पट्टीपासून ३० मीटरवर आहे आणि पट्टीवरील आकडे ६ इंच, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटर उंचीचे आहेत. आकडा भरवशाने ओळखायचा, तर त्याच्या उंचीत निदान वीसेक चित्रबिंदू पडायला हवेत. पायच्या तिसऱ्या कॅमेऱ्याचा आडवा दृष्टिकोन ६६ अंशांचा आहे. ३० मीटरवर त्याला सुमारे ३९ मीटर रुंदीचे दृश्य दिसते आणि ते ४,६०८ चित्रबिंदूंत विभागले जाते. म्हणजे एका बिंदूच्या वाट्याला साडेआठ मिलिमीटर. आकड्याच्या उंचीत १८ बिंदू. जेमतेम. तेवढ्याच दृष्टिकोनाच्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्यात १,६०० बिंदूच असल्याने आकडा सहा बिंदूंत बसवावा लागतो; तो ३ की ८, हे माणसालाही सांगता येणार नाही.

आता भिंग बदलून पाहा. त्याच २ मेगापिक्सेलच्या ‘ओव्ही २६४०’ सेन्सरपुढे ८ मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग लावले, तर दृश्याची रुंदी सुमारे १३ मीटरवर येते आणि आकड्याला पुन्हा १८ बिंदू मिळतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे काम २ मेगापिक्सेलने केले! ‘हाय क्वालिटी’ कॅमेऱ्याला १६ मिलिमीटरचे भिंग जोडल्यास ५० हून अधिक बिंदू मिळतात, पण एकूण खर्च शंभर डॉलरपर्यंत जातो. यात नदीचा विस्तार, काठ, झाडे काहीच दिसत नाही, हे खरे; पण पट्टीच वाचायची असताना झाडे दिसून करायचे काय? स्वस्तात स्पष्टता हवी असेल, तर आधी भिंगावर खर्च करावा. जाहिरातींत मेगापिक्सेलचा आकडा ठळक असतो आणि भिंगाचे केंद्रांतर बारीक अक्षरांत, हे मात्र दुर्दैव.

रात्रीचा प्रश्न उरतो. साध्या मोड्यूलमध्ये अवरक्त किरण अडविणारी काच बसविलेली असते. ती नसलेले ‘नोआयआर’ प्रकार पायच्या कॅमेऱ्यांत मिळतात. त्यांच्यासोबत अवरक्त दिवा वापरला, तर अंधारात चित्र येते. मात्र दिवसा त्यांचे रंग जांभळट होतात. पट्टीच्या आकड्यांना रंगाशी देणेघेणे नसल्याने येथे ते चालून जाते.

खरेदी करताना

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांची जुनी ठिकाणे. आता बहुतेक मोड्यूल घरबसल्या मागविता येतात. पण दुकानात जाऊन घेतल्यास मोड्यूल तेथेच चालवून पाहण्याची विनंती करता येते, हा फायदा विसरू नये. विक्रेत्याला मेगापिक्सेल न विचारता सेन्सरचे नाव विचारावे. नाव सांगता येत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा. स्वस्त यूएसबी वेबकॅमवर १२, १६ असे मेगापिक्सेल छापलेले असतात. आतला सेन्सर पुष्कळदा त्याच्या कितीतरी कमी क्षमतेचा असतो आणि उरलेले बिंदू सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. अशा फुगविलेल्या चित्रात नवा तपशील एकही नसतो.

यूएसबी मोड्यूलचा विचार करताना आणखी एक आकडा ध्यानात ठेवावा. यूएसबी २ ची कमाल गती सेकंदाला ४८० मेगाबिट. १९२० गुणिले १०८० चित्रबिंदूंचे, सेकंदाला ३० चौकटींचे न दाबलेले दृश्य सेकंदाला ९९५ मेगाबिटच्या आसपास जाते. म्हणून मोड्यूल ‘एमजेपेग’ देते काय, हे पाहावे. नसेल तर गती पाच-दहा चौकटींवर उतरेल.

मोड्यूल हाती आल्यावर पहिले काम भिंगावरील पारदर्शक पापुद्रा काढण्याचे. तो तसाच ठेवून चित्र धुरकट येते, असे म्हणणारे कमी नाहीत. बऱ्याच स्वस्त मोड्यूलचे भिंग कारखान्यात मीटर-दीड मीटरच्या अंतरासाठी बसवून वर गोंदाचा ठिपका दिलेला असतो. लांबचे पाहायचे असेल, तर तो ठिपका धारदार पात्याने अलगद तोडून भिंग चिमट्याने किंचित फिरवावे लागते. एकेक अष्टमांश वळसा, आणि प्रत्येक वेळी चित्र पाहून. उघड्यावर बसविताना कोल्हापूरच्या पावसाचा विचार हवा. बंद डबीत आतल्या हवेतील दमट वाफ काचेवर जमते, म्हणून सिलिका जेलची पुडी आत ठेवावी आणि केबल खालच्या बाजूने, तिला एक वाक देऊन बाहेर काढावी, म्हणजे पाणी तारेवरून डबीत न शिरता वाकाशी ठिबकून जाते. कॅमेऱ्याचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा दाराकडे येत नाही ना, हे डबी पक्की करण्यापूर्वीच पाहून घ्यावे. वायफायवरून चित्र पाठविणाऱ्या बोर्डाला पासवर्डही त्याच वेळी लावावा, कारण ‘ईएसपी ३२ कॅम’सोबत मिळणारा नमुना प्रोग्रॅम पासवर्ड मागतच नाही; त्याच वायफायवरील कोणालाही ते चित्र उघडून पाहता येते.